मधुमेह, स्मृतिभ्रंश आणि आपल्या माता-भगिनी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या मराठी मुलखात कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. म्हातारपणी माणूस विसरायचाच, त्यात नवल ते काय, असे आपण सारेच धरून चालतो. म्हण थट्टेची आहे. परंतु तिने केलेले नुकसान थट्टेचे नाही. या एका म्हणीच्या आडोशाने आपल्या कित्येक आया, आज्या, मावश्या आजारी असूनही आजारी ठरल्या नाहीत. त्या नुसत्या 'म्हाताऱ्या' ठरल्या.

आमच्या वस्तीतील एका आजींची हकीकत सांगतो. नावाचे येथे प्रयोजन नाही. तरुणपणी भिवंडीतल्या कारखान्यात कांडी भरून त्यांनी तीन लेकरे वाढविली. अक्षरओळख नाही, पण विहारात बुद्धवंदना सुरू झाली की आजींचा आवाज सर्वांच्या पुढे. त्रिशरण-पंचशीलापासून शेवटपर्यंत सारे मुखोद्गत. पासष्टी उलटल्यावर ही वंदना मध्येच अडखळू लागली. मग आमटीत मीठ दोनदा पडू लागले. पैसे स्वतःच उशीखाली ठेवायचे आणि सुनेने नेले म्हणून तिच्याशी भांडायचे, असे घडू लागले. कोणी म्हणाले, वय झाले. कोणी दबल्या आवाजात म्हणाले, बाहेरचे काही तरी आहे, बघून घ्या. आणि एका सकाळी आजी घामाने डबडबून निपचित पडलेल्या आढळल्या. दवाखान्यात नेल्यावर समजले की, रक्तातील साखर फार उतरली होती. मधुमेहाची गोळी घेतल्याचे विसरून त्यांनी ती पुन्हा घेतली होती आणि जेवायचे राहून गेले होते. आजींना दहा वर्षांपासून शुगर होती. ती शुगर आणि हे विसरणे यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल, हे घरात कोणाच्या स्वप्नीही नव्हते. खरे सांगायचे तर, आमच्याही नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती मिळवू लागलो. तीच आमच्या धम्मबांधवांपुढे व भगिनींपुढे सोप्या शब्दांत ठेवावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

विसरणे आणि स्मृतिभ्रंश

प्रत्येक विसरणे म्हणजे रोग नव्हे. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे हे वयाचे लक्षण. पण चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हेच न उमगणे, हे रोगाचे लक्षण. लग्नाला कोण कोण आले होते हे विसरणे साधे. आपण लग्नाला गेलोच नव्हतो असे ठामपणे म्हणणे साधे नाही. रोजची वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारणे, हिशेब व पैसे न जमणे, आयुष्यभर केलेला स्वयंपाक विसकटणे, स्वभाव बदलून संशयी होणे, ही लक्षणे महिनोन्महिने वाढत गेली आणि रोजचे व्यवहार अडू लागले की त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर त्यालाच डिमेन्शिया म्हणतात.

हा काही एकच रोग नव्हे. त्याचे सर्वांत अधिक आढळणारे रूप म्हणजे अल्झायमरचा रोग. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे ५१ वर्षांच्या एका स्त्रीला तिच्या नवऱ्याने रुग्णालयात आणले. ती विनाकारण संशय घेत असे, घरकाम विसरली होती आणि आपले नावही तिला नीट लिहिता येत नव्हते. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची प्रकृती टिपून ठेवली, तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूची तपासणी केली आणि १९०६ साली आपले निष्कर्ष मांडले. म्हणजे या रोगाची पहिली नोंद झाली तीच एका गृहिणीच्या रूपाने. दुसरे मोठे रूप रक्तवाहिन्यांच्या विकाराचे. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या बारीक नळ्या अरुंद होतात, तुंबतात, आणि मेंदूचा थोडा थोडा भाग निकामी होत जातो. उतारवयात पुष्कळांच्या मेंदूत ही दोन्ही रूपे एकत्र नांदतात.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे? दिल्लीच्या एम्ससह अनेक संस्थांनी केलेल्या देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठ वर्षांवरील दर शंभर भारतीयांमागे सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. त्यातही स्त्रियांचे प्रमाण शंभरात सुमारे नऊ, तर पुरुषांचे सहाच्या आत आहे. खेड्यांत तो शहरांपेक्षा अधिक आहे. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज पुढे आला. या दोन आकड्यांकडे आपण आजवर वेगवेगळे पाहत होतो. ते एकत्र पाहण्याची वेळ आली आहे.

साखरेचा मेंदूशी काय संबंध?

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के. पण शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे वीस टक्के शक्ती तो एकटा वापरतो. ही शक्ती त्याला मुख्यतः रक्तातील साखरेतून मिळते आणि ती क्षणाक्षणाला पोहोचावी लागते. मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहते. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते. डोळ्याच्या पडद्यातील, मूत्रपिंडातील आणि पायांच्या मज्जातंतूंभोवतीच्या बारीक वाहिन्या मधुमेहाने बिघडतात, हे आता घरोघर माहीत झाले आहे. तशाच बारीक वाहिन्या मेंदूतही आहेत. तेथे एखादी वाहिनी तुंबली तर दर वेळी तोंड वाकडे होते किंवा हातपाय लुळे पडतात असे नाही. पुष्कळदा झटका इतका लहान असतो की कोणाला पत्ताही लागत नाही. मात्र असे बरेच लहान झटके साठले की विचार मंदावतो, लक्ष लागत नाही, आठवण दगा देते.

दुसरी गोष्ट, इन्सुलिनचे काम केवळ रक्तातील साखर उतरविण्याचे नाही. मेंदूच्या पेशींच्या कामकाजातही त्याचा वाटा आहे. मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, तसे मेंदूतही घडत असावे आणि त्यातून स्मरणशक्तीला बाधा पोहोचत असावी, या दिशेने जगभर संशोधन चालू आहे.

तिसरी गोष्ट आजींच्या हकीकतीत आलीच आहे. साखर वाढणे वाईट, तसे ती एकदम उतरणेही वाईट. साखर फार उतरली तर मेंदू उपाशी पडतो. वयस्कर मधुमेह्यांना असे वारंवार झाले तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळतो, आणि उलट स्मृतिभ्रंश झालेला माणूस गोळ्या-जेवणाचा गोंधळ घालून साखर उतरवून घेतो. हे एक दुष्टचक्र आहे.

मधुमेह हा श्रीमंतांचा, लठ्ठ माणसांचा रोग, अशी समजूत अजून वस्त्यांत आहे. ती चुकीची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. आपल्याकडील बाळे जन्मतः वजनाने कमी व दिसायला बारीक असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक असते, असे त्यांनी दाखवून दिले. अशी बाळे पुढे मोठी झाली की मधुमेहाकडे झुकतात. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या अर्धपोटी राहिल्या, त्याने आपली काटकुळी अंगकाठी पाहून निश्चिंत राहू नये, हा त्यातील बोध आहे.

स्त्रियांना अधिक धोका का?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २०१६ साली जगातील १४ अभ्यास एकत्र करून २३ लाख माणसांच्या माहितीचा हिशेब मांडण्यात आला. त्यांपैकी एक लाखाहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश झालेला होता. त्यातून असे निघाले की मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक असतो, आणि हे स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच लागू आहे. पण रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा स्मृतिभ्रंश वेगळा काढून पाहिला तेव्हा फरक दिसला. मधुमेही पुरुषांत हा धोका सुमारे १.७ पट, तर मधुमेही स्त्रियांत तो सुमारे २.३ पट भरला.

हे आकडे उदाहरणाने समजून घेऊ. समजा, मधुमेह नसलेल्या काही ठरावीक पुरुषांत दहा जणांना आणि तशाच स्त्रियांत दहा जणींना हा विकार झाला. त्या सर्वांना मधुमेह असता, तर पुरुषांत ही संख्या सतराच्या आसपास गेली असती आणि स्त्रियांत तेविसाच्या. रोग तोच, पण बाईच्या मेंदूतील वाहिन्यांवर त्याचा घाव अधिक खोल. अल्झायमरच्या बाबतीत मात्र असा स्त्री-पुरुष फरक त्या हिशेबात दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हृदयविकार व पक्षाघात यांच्या बाबतीतही हेच चित्र आहे. मधुमेहामुळे पक्षाघाताचा जो जादा धोका निर्माण होतो, तो स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी अधिक आणि हृदयविकाराचा सुमारे ४४ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत आढळले. एरवी पाळी चालू असेपर्यंत स्त्रीला निसर्गाने रक्तवाहिन्यांच्या विकारांपासून थोडे संरक्षण दिले आहे. मधुमेह हे संरक्षण बऱ्याच अंशी हिरावून घेतो.

असे का होते, याची काही कारणे डॉक्टर मांडतात. पाळी थांबली की शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, पोटाभोवती चरबी साठू लागते, रक्तदाब व कोलेस्टेरॉल वाढते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधीच. दुसरे असे की, स्त्रीचे शरीर मधुमेहापर्यंत पोहोचण्यापूर्वी दीर्घकाळ धडपडते. त्या काळात वजन, रक्तदाब, चरबी हे सारे हळूहळू बिघडत राहते. त्यामुळे निदान होते त्या दिवशी तिच्या वाहिन्यांची हानी पुरुषाच्या मानाने पुढे गेलेली असते. तिसरे, गरोदरपणात ज्यांची साखर वाढते त्या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच अधिक असतो. बाळंतपण झाले, साखर उतरली की ती गोष्ट सगळे विसरून जातात, आणि वीस वर्षांनी रोग दारात उभा राहतो. चौथे, स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी अधिक वर्षे जगतात आणि स्मृतिभ्रंश हा वयाबरोबर वाढणारा रोग आहे.

पुरुषांनी मात्र यातून आपण सुटलो असा अर्थ काढू नये. तंबाखू, विडी आणि दारू यांच्या पायी पुरुष आपल्या वाहिन्यांचे जे हाल करून घेतात, त्याला निसर्ग जबाबदार नाही.

दोष केवळ शरीराचा नाही

येथवर शरीराची गोष्ट झाली. परंतु सारा दोष स्त्रीच्या शरीरावर ढकलून आपण मोकळे झालो, तर तो अन्याय होईल. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ही सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. ती कारणे अशी: अपुरे शिक्षण, ऐकू कमी येणे, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि दृष्टी अधू होणे.

ही यादी हातात घेऊन आपण भिवंडीच्या एखाद्या गल्लीतून फिरलो तर काय दिसेल? यंत्रमागाचा खडखडाट असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. त्यात वीस-तीस वर्षे काढलेल्या कामगाराचे कान शाबूत राहतील कसे? कापसाची तुसे, ट्रकांचा धूर आणि जुन्या काळी चुलीचा धूर. मोतिबिंदू पिकला तरी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारी आई. नवरा गेल्यावर कोपऱ्यातल्या खाटेपुरती उरलेली आजी. मधुमेह या यादीत एकटा येत नाही. तो आपली भावंडे घेऊन येतो.

या यादीत सर्वांत पहिले कारण शिक्षणाचे आहे, हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. लहानपणी शाळेत गेलेल्या माणसाच्या मेंदूत जणू एक गंगाजळी तयार होते; पुढे रोगाने मेंदूचे नुकसान केले तरी तो बरीच वर्षे त्या शिल्लकीवर तग धरतो. अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अनेक वर्षे अभ्यास झाला. सर्वांची राहणी, जेवण, दिनक्रम जवळजवळ सारखाच. ज्यांनी तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्तात विचारांची घनता अधिक होती, त्यांना म्हातारपणी अल्झायमर कमी झाल्याचे त्यात आढळले.

आता आपल्याकडे पाहू. १९६१ च्या जनगणनेत भारतात पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के साक्षर होते, तर स्त्रियांपैकी अवघ्या १५ टक्के. आज ज्या आजी सत्तरीच्या पुढे आहेत, त्या तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाच्या मुली होत्या. शंभरातल्या पंचाऐंशी स्त्रियांच्या हाती पाटी नव्हती, आणि आपल्या समाजात तर जातीची आडकाठी वेगळीच. सावित्रीबाई व जोतिराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून शंभर वर्षे उलटली होती, तरी ही स्थिती. भारतातील वृद्ध स्त्रियांची स्मरणशक्ती पुरुषांच्या मानाने कमी भरते. पण शिक्षणातील तफावत हिशेबात घेतली की ही दरी काही अंशी भरून निघते. म्हणजे आईचा मेंदू जन्मतः दुबळा नव्हता. तिला त्याची शिदोरीच बांधून दिली गेली नाही. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा विचार मांडला होता. तो विचार वैद्यकाच्या बाजूनेही किती खरा होता, हे आज कळते.

शिक्षणाचा हा प्रश्न तपासणीच्या वेळीही आड येतो. स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत एखादे वाक्य लिहायला, आकृती काढायला किंवा शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. जी आई कधी शाळेत गेली नाही ती यात नापास झाली, तर तो रोग नव्हे. म्हणून डॉक्टरांना आईचे शिक्षण आधीच सांगावे आणि ती पूर्वी काय काय करीत असे, आता काय जमत नाही, हे घरच्यांनी नीट सांगावे. निरक्षर वृद्धांसाठी आपल्या देशात वेगळ्या चाचण्याही तयार झालेल्या आहेत.

बाबासाहेब आणि मधुमेह

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेह होता, हे सर्वांना ठाऊक आहे. मज्जातंतूंच्या दाहाने त्यांचे पाय असह्य दुखत. १९४८ साली त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, यांच्याशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या. इन्सुलिन, पथ्यपाणी, वेळा त्या सांभाळीत. त्यांच्यामुळे आपले आयुष्य काही वर्षांनी वाढले, अशी कृतज्ञता बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मधुमेह झाला म्हणजे बुद्धी जाणारच असे मुळीच नाही. आणि मधुमेह्याच्या पाठीशी वेळा सांभाळणारे कोणी तरी असावे लागते. बाबासाहेबांच्या पाठीशी माईसाहेब होत्या. आपल्या घरातील पुरुषाच्या गोळ्यांची आठवण त्याची बायको ठेवते. पण त्या बायकोच्या गोळीची आठवण कोण ठेवतो? हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

काय करावे?

एक. तिशीनंतर प्रत्येकाने साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, साखरेचे पाणी पिऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांच्या सरासरीची एच-बी-ए-वन-सी चाचणी ६.५ टक्के किंवा अधिक आली तर मधुमेह समजतात. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. जिची साखर गरोदरपणात वाढली होती तिने नियमाने तपासावे. आपल्या भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केलेले आहेत.

दोन. आई विसरू लागली की आधी बरी होण्याजोगी कारणे शोधावीत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, कानाचा दोष, लघवीचा संसर्ग यांनीही माणूस गोंधळतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चांगली आहे, पण ती बरीच वर्षे घेतल्यास ब-१२ कमी होऊ शकते. साध्या रक्ततपासणीने ते कळते आणि उपचारही स्वस्त आहे.

तीन. वृद्धांची साखर हट्टाने फार खाली आणू नये. २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासात साखर अत्यंत कडक ताब्यात ठेवूनही मेंदूच्या कामात फायदा दिसला नाही. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्यांनी व इन्सुलिनने साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ दिसताच, माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावे.

चार. पौर्णिमेला व वर्षावासात आपल्या उपासिका अष्टशील धारण करून दुपारनंतर जेवत नाहीत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असे करू नये. तथागतांनी आजारी भिक्षूंना तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही पाच औषधे अवेळीही घेण्याची मुभा दिली होती. शील हे शरीराला मारण्यासाठी नाही. तसेच ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहताना जवळ भाकरी-बिस्किटे ठेवावीत. बुद्धपौर्णिमेच्या खीरदानात मधुमेही बहिणीला दुसरी वाटी आग्रहाने वाढू नये, हीदेखील मैत्रीच आहे.

पाच. जेवणात मात्रा हवी. कोसलचा राजा प्रसेनजित अतोनात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे येई. तथागतांनी त्याला मोजके खाण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला सांगितले, आणि राजा हळूहळू हलका झाला. नियम माहीत असणे पुरेसे नाही, वेळेवर आठवण करून देणारे माणूस लागते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी ओळखले होते. त्याच्या जोडीला रोज अर्धा तास चालावे, विडी-तंबाखू सोडावी, कान व डोळे तपासावेत.

सहा. बाधा, करणी, देवऋषी यांच्या नादी लागू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. तसेच 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा आपल्या जिल्ह्याच्या जिभेवरून उतरली पाहिजे. तेथील प्रादेशिक मनोरुग्णालय हे उपचाराचे ठिकाण आहे. तेथे सल्ला घेण्यात कमीपणा नाही. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

सेवा कोणी करायची?

स्मृतिभ्रंश बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. म्हणून शेवटी उरते ती सेवा. येथेही भार बाईवरच पडतो. आजारी पडते ती आई आणि रात्री जागते ती सून किंवा लेक. जिच्यावर चोरीचा आळ येतो, तीच पुन्हा ताटात घास घालते. अशा सुनेला 'तुझे कर्तव्यच आहे' म्हणून गप्प करणाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस तरी ते कर्तव्य स्वतः करून पाहावे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी जवळ जात नव्हते. तेव्हा तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुऊन काढले, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, अशा आशयाचा उपदेश भिक्षूंना केला. तेथे सेवा करणारे दोघेही पुरुष होते, हे आपण विसरू नये.

आपल्या विहारात दर पौर्णिमेला वंदनेपूर्वी साखर व रक्तदाब तपासण्याची सोय व्हावी, ज्या घरी असा रुग्ण आहे तेथे तरुणांनी पाळीपाळीने दोन तास बसावे, आणि वस्तीतील एकही मुलगी दहावीपूर्वी शाळा सोडणार नाही असे पाहावे, असे आम्ही सुचवितो. तिसरी सूचना आरोग्याच्या लेखात कशी, असे कोणी विचारील. आज शाळेत जाणारी मुलगी सत्तर वर्षांची होईल तेव्हा तिचा मेंदू कोणत्या शिदोरीवर चालणार आहे, त्याचे उत्तर या सूचनेत आहे.

त्या आजी आजही आहेत. त्यांच्या गोळ्या आता सकाळ-संध्याकाळच्या खणांच्या डबीत असतात आणि डबी सुनेकडे असते. साखर पुन्हा तशी उतरलेली नाही. नातवाचे नाव त्यांना पुष्कळदा आठवत नाही. पौर्णिमेला नातूच त्यांना हाताला धरून विहारात आणतो. वंदना त्या आता स्वतः सुरू करू शकत नाहीत; पण बाकीच्यांनी सुरू केली की तिसऱ्या-चौथ्या शब्दाला त्यांचा आवाज मिसळतो आणि बराच वेळ चुकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!